साडेआठशेच्या आसपास

इंजिन पूर्ण तापलेलं आहे, गिअर न्यूट्रलला आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही. अशा वेळी टॅकोमीटरच्या काट्याने मिनिटाला ८५० फेऱ्यांवर स्वस्थ बसायला हवं. माझ्या गाडीचा काटा बसत नव्हता. तो ६००पर्यंत उतरायचा, आता बंद पडणार असं वाटेपर्यंत गाडी थरथरायची, मग एकदम १३००पर्यंत चढायचा आणि पुन्हा खाली यायचा. हायवेवर हीच गाडी अप्रतिम पळायची. टर्बो भरला की पाठ सीटला चिकटायची, कुठे अडखळणं नाही, मिसिंग नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला हा दोष किरकोळ वाटतो. मला तो कधीच किरकोळ वाटला नाही. पूर्ण थ्रॉटलला इंजिन बऱ्याच चुका पोटात घालतं. स्लोला, म्हणजे आयडलला, इंजिन नुसतं फिरत असताना, त्याच्याकडे तेवढी ताकदच नसते.

गाडी १९९० सालची युनोस रोडस्टर. माझदाची एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये जगापुढे आली, आणि जपानमध्ये ती युनोस या नावाने विकली जायची. जपानमध्ये वापरलेल्या अशा बऱ्याच गाड्या पुढे जहाजाने इंग्लंडात आल्या, त्यांतलीच ही एक. दोन सीट, कापडी टप, हेडलाइट बॉनेटमधून वर उघडणारे, वजन एक टनाच्या आत, आणि पुढे लांबीत बसवलेलं १५९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. पुण्याहून मोटार उद्योगातल्या नोकरीसाठी मी वॉरिकशरमध्ये आलो, लेमिंग्टन स्पाला घर केलं, आणि स्थिरस्थावर झाल्यावर ही घेतली. माझ्याकडे आली तेव्हाच ती मूळची राहिलेली नव्हती. टर्बो, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, हलकं फ्लायव्हील, आणि कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, काढून त्या जागी मेगास्क्वर्ट. मेगास्क्वर्ट म्हणजे स्वतः सोल्डर करून जुळवता येईल असा ईसीयू. अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी तो हौशी लोकांसाठी तयार केला. इंधनाचा आणि स्पार्कचा प्रत्येक आकडा त्यात आपल्या हातात येतो. म्हणजे चुकीचा आकडाही आपल्याच हातून जातो.

स्लोला इंजिन नेमकं काय करत असतं, हे आधी नीट बघायला हवं. चाकांकडे काहीच जात नाही. जळलेल्या पेट्रोलची सगळी ताकद स्वतःचं घर्षण, पाण्याचा पंप, तेलाचा पंप आणि अल्टरनेटर ओढण्यात संपते. मिळकत आणि खर्च अगदी बरोबर, शिल्लक शून्य. त्यात कुठेही थोडा फरक पडला की वेग हलतो. शिवाय वेळेची अडचण असते. ८५०ला एका सिलिंडरची चार स्ट्रोकची फेरी पुरी व्हायला सुमारे १४१ मिलिसेकंद लागतात आणि चार सिलिंडर मिळून दर ३५ मिलिसेकंदांनी एक स्फोट होतो. ईसीयूने आत्ता हवा वाढवली तर आधी मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणारी वाट, भरणार, मग ती हवा सिलिंडरमध्ये जाणार, दाबली जाणार, जळणार, आणि तेव्हा कुठे वेग वाढणार. तोवर परिस्थिती बदललेली असते. पडणाऱ्या वेगासाठी दिलेली मदत चढणाऱ्या वेगाच्या वेळी पोचते.

हे दुखणं मोटारीपेक्षा खूप जुनं आहे. माझ्या घरापासून जवळच असलेल्या बर्मिंगहॅममध्ये, बोल्टन आणि वॉट यांच्या सोहोच्या कारखान्यात, १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला गेला. ते इंजिन आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप मिटते. वेग उतरला की गोळे आत येतात आणि झडप उघडते. पुढे गव्हर्नर अधिकाधिक संवेदनशील होत गेले, तशी काही इंजिनं एका वेगाला न राहता वर-खाली डोलू लागली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात त्यामागचं गणित आहे : दुरुस्ती केव्हा हळूहळू शमते, आणि केव्हा तीच झोके वाढवत नेते. त्या गोळ्यांसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझाच टॅकोमीटर होता.

माझदाच्या इंजिनिअरांनी याचा बंदोबस्त चार-पाच ठिकाणी केला होता. थ्रॉटलच्या आधी हलत्या फळीचा एअरफ्लो मीटर: आत जाणारी हवा फळी ढकलते आणि ती किती उघडली त्यावरून ईसीयूला हवा कळते. थ्रॉटलवर एक साधा स्विच, पाय उचललेला आहे का किंवा थ्रॉटल पूर्ण उघडा आहे का, एवढंच सांगणारा. थ्रॉटलखाली आयडलची झडप, थोडी हवा बाजूने सोडणारी. आणि मागे जड फ्लायव्हील, प्रत्येक स्फोटाचा धक्का साठवून पुढच्या स्फोटापर्यंत पुरवणारं. माझ्या गाडीतलं फ्लायव्हील त्याच्या जेमतेम निम्म्या वजनाचं. एअरफ्लो मीटर गेला आणि त्या जागी मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आला. इंजेक्टर दुपटीहून मोठे झाले. बदलणाऱ्याने प्रत्येक बदल वेग डोळ्यांसमोर ठेवून केला होता आणि वेग मिळालाही. पण प्रत्येक बदलाबरोबर स्लोचा एकेक आधार निघून गेला, आणि त्या आधाराच्या जागी काय घालायचं हे कुणी ठरवलंच नाही.

कॉव्हेंट्रीला माझा एक मित्र राहतो, मूळचा कोल्हापूरचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. इंजिनं त्याच्या रक्तात आहेत. त्याने बॉनेट उघडून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "हवेचा स्क्रू एक आटा बाहेर घे की लेका. हजारवर ठेव, राहतंय बघ."

"राहील हो दादा. पण मग ते का राहत नव्हतं ते कळायचं नाही."

"मग लॅपटॉप लाव. क्लोज्ड लूपचे आकडे वाढव. धरून ठेवील."

बहुतेक जण या दोन वाटांपैकी एका वाटेने जातात: वेग वाढवून दोष झाकायचा, नाहीतर दुरुस्ती करणाऱ्याला आणखी जोर द्यायचा. क्लोज्ड लूप म्हणजे परिणाम बघून ईसीयूने आपोआप दुरुस्ती करत राहणं. दुसरी वाट मला जास्त धोक्याची वाटते. मेगास्क्वर्टमध्ये आयडलची झडप वेग बघून हलते, ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन हलतं, वेग आणि दाब बघून स्पार्क हलतो. तिघेही एकाच वेळी एकाच काट्याला ओढतात, आणि कुणाच्या ओढण्याने काटा हलला ते सांगता येत नाही. म्हणून मी उलटं केलं. झडपेचं क्लोज्ड लूप बंद, ती एका ठरलेल्या उघडीवर कायम. ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती बंद. स्पार्क एका अंशावर बांधलेला. आता इंजिन उघडं पडलं. या अवस्थेत काटा कसाही हलला तरी त्याला इंजिन किंवा मोजमापच जबाबदार. दादाला ते आधी पटलं नाही. मग तो धुराचं यंत्र घेऊन आला.

पहिला संशय बाहेरच्या हवेवर. स्लोला या इंजिनात सेकंदाला साधारण तीन-चार लिटर हवा जाते. पूर्ण वेगाला, टर्बो नसला तरी, ऐंशीच्या घरात. फुटक्या नळीतून येणारी अर्धा लिटर हवा तिथे कळणारही नाही, इथे मात्र ती मोठा वाटा उचलते. आणि गळती शोधताना हवा कशाने मोजली जाते हे सतत डोक्यात ठेवावं लागतं. कंपनीच्या एअरफ्लो मीटरच्या पुढे गळती असेल तर ती हवा मोजलीच जात नाही, मिश्रणात पेट्रोल कमी पडून ते पातळ होतं आणि इंजिन अडखळतं. या इंजिनात तेल भरण्याचं झाकण सैल असलं तरी तसंच होतं, कारण क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा बंद भाग, तिथली वाफ ओढून घेणाऱ्या पीसीव्ही झडपेतून मॅनिफोल्डला जोडलेला असतो. गळतीने वेग फार चढला तर आणखी एक चक्र सुरू होतं: पाय उचललेला आहे आणि वेग जास्त आहे असं बघून ईसीयू उतारावर करतो तसं इंधन तोडतो, वेग पडतो, इंधन परत येतं, वेग चढतो. मूळच्या अवस्थेतली गाडी ताल धरून वर-खाली करते ती बऱ्याचदा यामुळे. मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत हीच गळती वेगळी वागते. दाब वाढलेला सेन्सरला दिसतो, इंधनही त्या मानाने वाढतं, मिश्रण फारसं बिघडत नाही. थ्रॉटल किंचित उघडा राहावा तसा वेग फक्त चढतो. त्यामुळे एअरफ्लो मीटरच्या गाडीसाठी दिलेला सल्ला माझ्या गाडीला लावला असता तर उत्तर चुकलं असतं.

निगडीला आमच्या जुन्या घराजवळ एक मिस्त्री होते. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक मॅनिफोल्डभोवती फिरवायचे आणि सूं आवाज आला की बोट ठेवायचे. मीही सुरुवात तशीच केली. तापलेल्या एक्झॉस्टजवळ कार्ब क्लीनर फवारण्याची रीत मला पसंत नाही. टर्बोच्या गाडीत तर नाहीच, तिथे एक्झॉस्टचा भाग लालबुंद होऊ शकतो. नळीने ब्रेक बूस्टरची होज चांगली निघाली, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग चांगलं निघालं. मग इंजिन बंद करून, इनटेकचं तोंड बांधून दादाच्या यंत्राने धूर आत सोडला. काही वेळ काहीच नाही. मग तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी पांढरी, केसाएवढी रेघ उठली. इंजेक्टर मोठे बसवताना खालचं रबरी आसन दुमडलं गेलं होतं. त्याच सिलिंडरला जादा हवा मिळत होती आणि मॅप सेन्सर बघतो तो चौघांचा मिळून दाब. एकाच सिलिंडरचं पातळ मिश्रण त्याला कळणं शक्य नव्हतं. आसनं चारही बदलली. थरथर निम्म्याने कमी झाली. झोके तसेच राहिले.

मॅप सेन्सरची नळीही मी त्याच वेळी हलवली. ती इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरच्या नळीला फांदी काढून जोडलेली होती. स्लोला दाबाची मूळची थरथर असतेच, त्यात दुसऱ्याची भर कशाला. प्लीनममधून, म्हणजे मॅनिफोल्डच्या मोठ्या पोकळीतून, स्वतंत्र नळी घेतल्यावर लॅपटॉपवरची दाबाची रेघ बरीच शांत झाली.

कूलंटचा आणि आयडलचा संबंध पुष्कळांना ठाऊक नसतो. या गाडीच्या आयडल झडपेत मेणाचा एक भाग असतो आणि त्याच्या बाजूने बारीक नळीतून कूलंट फिरतं. इंजिन थंड असताना मेण आखडलेलं, वाट उघडी, जादा हवा. इंजिन तापलं की मेण फुगतं आणि वाट मिटते. कूलंट कमी असेल किंवा नळीत हवा अडकली असेल तर इंजिन तापूनही मेण थंडच राहतं. गाडीचं नाक चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. झडपेची नळी हाताला गरम लागली, तेव्हा तो विषय संपला.

टायमिंगचा, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते याचा, भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि लोक तोच टाळतात. पडद्यावर १० अंश दिसतात म्हणून इंजिनात १० अंशांवरच ठिणगी पडते असं नाही. कॅम अँगल सेन्सर सिलिंडर हेडच्या मागे बसतो आणि बोल्ट सैल करून हाताने फिरवता येतो. कंपनीच्या ईसीयूला जागेवर धरायला डायग्नोसिसच्या डब्यात दोन पिना तारेने जोडाव्या लागत. मेगास्क्वर्टमध्ये फिक्स्ड टायमिंग निवडलं की झालं. मग टायमिंग लाइट पुलीवर मारायचा आणि खूण कुठे दिसते ते बघायचं. माझी खूण चार अंश पुढे होती. म्हणजे स्पार्कच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा चार अंशांनी खोटा. सेन्सर फिरवून खूण जागेवर आणली. १९९०ची गाडी असल्याने आणखी एक तपासणी आलीच. सुरुवातीच्या या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं आणि पुलीचा बोल्ट नीट कसलेला नसेल तर पुली जागेवर धरणाऱ्या चावीची खाच झिजून टायमिंग भरकटायचं. पुलीवर चार खाचा असल्या तर आखूड टोक, आठ असल्या तर नंतरचं लांब. माझ्या पुलीवर चार आहेत. इंजिन चालू असताना तिच्या कडेकडे बराच वेळ बघितलं. ती डुलत नव्हती, लाइटखाली खूणही ठाम होती. त्या क्षणी खूप हलकं वाटलं, कारण तो दोष निघाला असता तर क्रँकच बाहेर काढावी लागली असती.

आता पाळी हेडलाइटची. बटण दाबलं की दोन मोटरी दोन्ही दिवे वर उचलतात आणि त्या वेळी माझी गाडी हमखास गचका खायची. अल्टरनेटरचा भार वाढला म्हणून वेग थोडा उतरणं साहजिक आहे, पण इतका? उत्तर इंजेक्टरमध्ये होतं. इंजेक्टरला वीज मिळाल्याबरोबर तो उघडत नाही. उघडायला साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि त्या वेळात पेट्रोल पडत नाही. याला डेड टाइम म्हणतात आणि तो ईसीयूला सांगावा लागतो. व्होल्टेज उतरलं की तो वाढतो, एका व्होल्टला ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त. आता आकडे मांडून बघा. पूर्ण भाराला इंजेक्टर १२ मिलिसेकंद उघडा असेल तर ०.१चा फरक एक टक्काही नाही. पण मोठा इंजेक्टर स्लोला एकूण दोनच मिलिसेकंद चालू असतो, त्यातला एक डेड टाइममध्ये जातो आणि उरलेल्या एकात पेट्रोल पडतं. तिथे ०.१ म्हणजे दहा टक्के. दिवे उघडले, व्होल्टेज पडलं, मिश्रण दहा टक्के पातळ झालं, आणि नेमका त्याच क्षणी अल्टरनेटरने जादा ताकद मागितली. हायवेवर देखणी पळणारी गाडी फाटकापाशी का मरते, याचा एवढा स्वच्छ हिशेब मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही. मी दिवे, पंखा, ब्लोअर एकेक चालू करत गेलो, व्होल्टेज आणि मिश्रण दोन्ही बघत राहिलो, आणि कितीही भार टाकला तरी मिश्रण जागचं हलणार नाही इथपर्यंत डेड टाइमचा तक्ता दुरुस्त केला. दिवे उघडताना काटा आता किंचित मान खाली घालतो आणि परत येतो.

मिश्रणाबद्दल बोलायचं तर ऑक्सिजन सेन्सरवर स्लोला आंधळा विश्वास ठेवता येत नाही. सिलिंडरमध्ये ठिणगी वाया गेली तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सर पातळ मिश्रण सांगतो, भले पेट्रोल जास्त का असेना. त्याचं ऐकून पेट्रोल आणखी वाढवलं तर प्लग काळे पडून मिसिंग वाढतं. एक्झॉस्टला सेन्सरच्या आधी चीर असली तरी तोच धोका. पुष्कळ मॉडिफाय केलेल्या गाड्या स्लोला मुद्दाम जास्त पेट्रोलवर ठेवतात, कारण जाड मिश्रण जास्त सहनशील असतं. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीतही ऑगस्ट १९८६ ते जुलै १९९२ या काळात पहिल्यांदा वापरात आलेल्या गाड्यांना स्लोला ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १२०० पीपीएम हायड्रोकार्बनपर्यंत सूट आहे, त्यामुळे माझी गाडी तशीही पास झाली असती. पण आमच्या गल्लीत घरं रस्त्याला लागून आहेत आणि शेजारच्या आजींची खिडकी माझ्या सायलेन्सरच्या अगदी समोर येते. कायदा चालवून घेतो म्हणून त्यांच्या घरात पेट्रोलचा वास सोडावा हे मला पटत नाही. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४च्या थोडे पुढे भाग असं मिश्रण ठेवून गाडी स्थिर होत असेल तर ती तिथेच राहील.

एवढं झाल्यावर बांधलेल्या स्पार्कवर गाडी ८५०च्या आसपास राहू लागली. स्पार्कचा मूळ तक्ता परत लावला आणि झोके परत आले. तक्त्याचा तो कोपरा तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. ६००ला ८ अंश, ८५०ला १२, १२००ला १८. वेगाबरोबर ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडते तो आकडा, वाढत जाणारा, वरच्या वेगांसाठी अगदी योग्य उतार, तोच खालपर्यंत ओढत आणलेला. स्लोला इतक्या कमी ॲडव्हान्सवर दोन-चार अंश वाढले की ताकद वाढते, कमी झाले की घटते. म्हणजे वेग पडला की ॲडव्हान्स कमी, ताकद कमी, वेग आणखी खाली. वेग चढला की ताकद वाढून आणखी वर. पालथ्या वाटीवर गोटी ठेवावी तसं. वाटी सुलटी करायला हवी होती. ६००ला २० अंश केले, ८५०ला १४, ११००ला १०, आणि गाडी चालताना लागणाऱ्या भागात मूळचे आकडे तसेच ठेवले. इंधनाच्या तक्त्यातही स्लोच्या भोवतालचे चौकोन एकमेकांशी मिळते केले. त्यातल्या एकात शेजाऱ्यापेक्षा भलताच मोठा आकडा बसला होता. हवेच्या झडपेला उत्तर द्यायला जो उशीर लागतो तो स्पार्कला लागत नाही. पुढची ठिणगी ३५ मिलिसेकंदांतच पडते आणि तिचा परिणाम लगेच होतो. हलक्या फ्लायव्हीलने जे काढून घेतलं होतं ते बऱ्याच अंशी इथून परत मिळालं. झडपेला हात न लावता काटा ८५०च्या दोन्ही बाजूंना जेमतेम तीसवर आला. मी इंजिन बंद केलं नाही. टाकी अर्धी होती, संध्याकाळ होती, ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. तो म्हणाला, "आता लूप चालू कर, पण हळू हातानं." तसंच केलं. आता झडपेला थोडंच काम उरलं होतं: पंखा लागला की हवा वाढवणं, चढउताराकडे लक्ष ठेवणं. तिचा जोर आधी होता त्याच्या बराच खाली आणला, इतका की सुधारणा सावकाश होताना दिसते. एक गोष्ट वेगळी सांभाळावी लागली. क्लच दाबून चौकाशी येताना हलकं फ्लायव्हील इतक्या झटक्याने खाली येतं की काटा ८५०वर न थांबता थेट खाली जातो. जुन्या गाड्यांत यासाठी थ्रॉटल सावकाश मिटवणारा डॅशपॉट असायचा. मी गाडी उतरत्या वेगात असताना झडप थोडी जास्त उघडी ठेवली आणि वेग जागेवर आल्यावरच लूपच्या ताब्यात दिली. वॉरिकच्या रस्त्यावरच्या गोल चौकांत ती आता बंद पडत नाही.

हे सगळं गरम इंजिनाचं झालं. थंड इंजिनाचा तक्ता अजून बाकी आहे. ते काम रेटता येत नाही, कारण इंजिन रात्रभर थंड झाल्यावर सकाळी एकदाच ती संधी मिळते. दोन मिनिटांत कूलंट वर सरकतं आणि तो रकाना दुसऱ्या दिवसावर जातो. तापमानाचा २० अंश सेल्सिअसचा आणि १० अंशांचा रकाना भरला आहे. शून्याजवळच्या रकान्यासाठी जानेवारीची वाट बघतो आहे.